पर्जन्यछायेतली हवामानवार्ता

आषाढात 'कर्जतमध्ये मुसळधार' अशी बातमी झळकते, तेव्हा ती बहुधा रायगड जिल्ह्यातल्या, बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जतची असते. त्याच दिवशी सह्याद्रीच्या पूर्वेस, सीना आणि भीमा या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या आमच्या नगर, आता अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात नुसते वारे सुटलेले असते, ढग माथ्यावरून पूर्वेकडे पळत असतात आणि जून महिन्यातल्या वळवाने दिलेली जेमतेम ओल त्या वाऱ्याने उडून चाललेली असते. त्या कर्जतला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. या कर्जतला पाचशेच्या आसपास मिळाला तरी वर्ष बरे गेले म्हणायचे. ज्या वाऱ्यांनी हा भेद निर्माण केला, त्यांची वार्ता आमच्या तालुक्यापर्यंत गेल्या दीडशे वर्षांत कशी पोहोचत गेली, हे मागे वळून पाहण्याजोगे आहे.

या वाऱ्यांचे मूळ फार दूर आहे. दक्षिण हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस, मास्करीन बेटांच्या आसपास, जून ते सप्टेंबर या काळात हवेच्या अधिक दाबाचे एक विस्तीर्ण क्षेत्र नांदत असते. तेथून निघालेली हवा आग्नेय व्यापारी वाऱ्यांच्या रूपाने विषुववृत्ताकडे येते, ते ओलांडताच पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळते, सोमालियाच्या किनाऱ्यालगत तिचा एक वेगवान झोत बनतो (याची तपशीलवार मांडणी फिंडलेटर या शास्त्रज्ञाने १९६९ साली केली) आणि थर व सिंध यांच्या तापलेल्या भूमीवरील कमी दाबाच्या ओढीने ती अरबी समुद्राचे बाष्प घेऊन कोकणावर येते. सह्याद्रीने अडवल्यावर ती चढते, थंड होते, बरसते. घाट उतरताना मात्र दबली जाऊन तापते आणि कोरडी पडते. पर्जन्यछाया म्हणतात ती हीच. आमच्या आकाशात ढग असूनही पाऊस का नाही, याचे उत्तर इतक्या साध्या भौतिक नियमात आहे आणि तरीही ते शेतकऱ्याला कोणी समजावून सांगायला फार काळ जावा लागला, याची मला मनापासून खंत वाटते.

१८७५ साली हिंदुस्थान सरकारने हवामान खाते स्थापन केले आणि ब्लॅनफर्ड यांची त्यावर नेमणूक केली. वर्ष उलटते न उलटते तोच दख्खनमध्ये १८७६चा भीषण दुष्काळ पडला. त्या काळात या देशावर हवेचा दाब सरासरीहून चढा राहिला होता, ही गोष्ट ब्लॅनफर्ड यांच्याच नोंदींतून पुढे आली; मग सरकारने त्यांच्याकडून आगाऊ अनुमान मागितले आणि हिमालयातील बर्फाच्या आधारे १८८६ पासून ते नियमित निघू लागले. पुढे १९०४ साली खात्याच्या प्रमुखपदी आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या दाबनोंदींचे डोंगर उपसून असे दाखवले, की प्रशांत महासागरावर दाब चढला म्हणजे हिंदी महासागरावर तो उतरतो आणि तिकडे उतरला म्हणजे इकडे चढतो. या दक्षिणी आंदोलनाच्या शोधाचे मोल आमच्यासारख्या अवर्षणप्रवण मुलखाला सर्वांत अधिक. परंतु कर्जतच्या रयतेपर्यंत त्यातले काय पोहोचले? मामलेदार कचेरीच्या आवारातल्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद, जी दप्तरी जाई आणि दुष्काळ जाहीर करताना, आणेवारी ठरवताना बाहेर निघे. म्हणजे पडून गेलेल्या, किंवा न पडलेल्या, पावसाचा हिशेब.

खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानपत्रिका आकाशवाणीवरून प्रसारित होऊ लागली, १९५३ साली पुणे केंद्र सुरू झाले आणि पुढे सुधा नरवणे यांच्यासारख्या वृत्तनिवेदिकांच्या स्वच्छ, ठाम उच्चारातल्या प्रादेशिक बातम्या घराघरांत ऐकल्या जाऊ लागल्या. बातम्यांच्या अखेरीस हवामानाचा अंदाज येई: 'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस'. आता, हवामान खात्याच्या व्यवहारात तुरळक म्हणजे त्या विभागातल्या फार तर पंचवीस टक्के केंद्रांवर पाऊस. आणि मध्य महाराष्ट्र म्हणजे महाबळेश्वरही आले नि कर्जतही आले. अंदाज खरा ठरे तो महाबळेश्वरी, आणि चावडीवर रेडिओभोवती बसलेली माणसे आभाळाकडे पाहून उठून जात. वेधशाळेवरचा अविश्वास जो रुजला तो येथे. दोष अनुमानात कमी आणि विभागाच्या विशालतेत अधिक होता, असे माझे मत आहे.

१९७२चा दुष्काळ आला तेव्हा प्रशांत महासागरात एल निनोचा, म्हणजे तिथले पाणी तापण्याच्या स्थितीचा, जोर होता. कर्जतच्या वृद्धांना मात्र त्या वर्षाची ओळख आहे ती खडी फोडण्याच्या कामावरून, सुकडीवरून आणि लाल मिलोच्या भाकरीवरून. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई दूरदर्शन सुरू झाले. १९८३ साली इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि ढगांची चित्रे घरात दिसू लागली. १९८८ साली वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने मोसमी पावसाच्या अनुमानाचे सोळा घटकांचे प्रतिमान आले. देशाच्या एकंदर पावसासाठी ते उपयुक्त होते, तालुक्याच्या पेरणीसाठी नव्हे.

खरा पालट झाला तो या शतकात. २००५ साली निघालेल्या 'ॲग्रोवन' दैनिकात कृषी हवामानतज्ज्ञ डॉ. रामचंद्र साबळे यांनी आपल्या सदरातून महाराष्ट्राच्या उत्तर, मध्य आणि दक्षिण भागांवर त्या आठवड्यात हवेचा दाब किती हेक्टोपास्कल राहील, तो कोणीकडे उतरता आहे, वारा कोणत्या दिशेने वाहील, हे शेतकऱ्यांना सांगायला आरंभ केला. हे आकडे समुद्रसपाटीला उतरवलेले असतात. पाचशे मीटरांहून उंच अशा आमच्या पठारावर यंत्रातला कच्चा आकडा त्याहून पन्नास-साठाने कमी भरेल. पण शेतकऱ्याला उपयोग असतो तो फरकाचा. एक हजार आठचा एक हजार चार झाला म्हणजे वारे इकडे ओढले जाणार, हे तो वाचता वाचता शिकला. निकाल न सुनावता कारण सांगणारा हवामाननिवेदक तालुक्याला प्रथमच लाभला आणि म्हणून या सदराचे ऋण मी मोठे मानतो.

२०१७ पासून महावेध प्रकल्पाने राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली. राशीनला पडलेला पाऊस मिरजगावच्या नावे धरला जाण्याचे कारण त्यामुळे उरले नाही, आणि पीकविम्याच्या दाव्यालाही जवळचा आधार मिळाला.

एक उणीव अद्याप बाकी आहे. कर्जत हा ज्वारीचा, रब्बीचा तालुका. त्याचे वर्ष ठरते ते उत्तरा आणि हस्ताच्या पावसावर, आणि तो पाऊस पश्चिमेचा झोत मंदावल्यावर बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे पूर्वेकडून दख्खनवर सरकली म्हणजे येतो. तरीही वाहिन्यांचा सारा उत्साह जूनमध्ये, मोसमी वारे केरळात कधी आले आणि मुंबईला कधी पोहोचले यावर खर्ची पडतो. सप्टेंबरात, पाभर बाहेर निघण्याच्या ऐन वेळी, आंध्र किनाऱ्यावरचे क्षेत्र पश्चिमेकडे सरकेल की उत्तरेस वळेल, हे विस्ताराने सांगणारा निवेदक पडद्यावर क्वचितच दिसतो. वाहिन्यांनी जूनइतकाच वेळ सप्टेंबरलाही दिला पाहिजे.