पंचाहत्तर लाख मालकांचं पुस्तक

जून २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या डेनी गॅलरीत मायकेल मँडिबर्ग या कलाकाराने इंग्रजी विकिपीडिया छापील ग्रंथांच्या रूपात मांडला. सगळा छापणं अर्थातच आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून मोजकेच खंड प्रत्यक्ष छापले गेले. पण हिशेब पक्का केलेला होता. मजकुराचे ७,४७३ खंड, प्रत्येक खंड ७०० पानांचा. नुसत्या अनुक्रमणिकेचे ९१ खंड. आणि याशिवाय ३६ खंड असे, की ज्यांत माहिती म्हणून एक ओळ नाही, फक्त नावं आहेत. तोपर्यंत ज्यांनी ज्यांनी या ज्ञानकोशात काही लिहिलं किंवा दुरुस्त केलं, त्या जवळजवळ ७५ लाख सदस्यांची नावं.

छत्तीस खंडांची पानं होतात २५,२००. म्हणजे पानागणिक जवळपास तीनशे नावं. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न जेवता कुणी ती मोठ्याने वाचत बसलं, तर यादी संपायला सत्त्याऐंशी दिवस लागतील.

लोक हे आकडे ऐकतात आणि विकिपीडियाच्या आकाराने थक्क होतात. मला मात्र त्या छत्तीस खंडांपुढे जास्त थबकायला होतं, कारण ती आभाराची यादी नव्हे, मालकांची यादी आहे. विकिपीडियाचा मजकूर तो चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या मालकीचा नाही. ज्याने जे लिहिलं त्याचा कॉपीराइट त्याच्याचकडे राहतो. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार, आणि आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसारही, त्यासाठी नोंदणी लागत नाही, शिक्का लागत नाही. स्वतःच्या बुद्धीने चार वाक्यं लिहिली की हक्क जन्माला आला. नुसता स्वल्पविराम बदलणाऱ्याला कायदा हक्क देणार नाही, हे खरं. त्यामुळे पंचाहत्तर लाखांतले कितीतरी गळतील. शंभरातले नव्याण्णव गळाले असं धरू. तरी एका ग्रंथाचे पंचाहत्तर हजार मालक उरतात.

हा हक्क संपतो कधी? भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरचा हक्क संपायची वेळ आली तेव्हा ती वाढवली गेली. लेखन संयुक्त असेल आणि कुणाचा वाटा कोणता हे वेगळं काढता येत नसेल, तर आपला कायदा सर्वांत शेवटी मरणाऱ्या लेखकापासून साठ वर्षं मोजतो. एखादा लेख असा संयुक्त मानला आणि त्यात आज वीस वर्षांच्या मुलीने स्वतःच्या नावाने एक परिच्छेद घातला, तर ती पंचाऐंशी वर्षं जगल्यावर तो लेख मोकळा व्हायला आजपासून सव्वाशे वर्षं लागतील. आणि तोवर दुसरं कुणी त्यात परिच्छेद घालणार नाही, असं थोडंच आहे! टोपणनावाने लिहिणाऱ्यांसाठी नियम निराळा: प्रकाशनापासून साठ वर्षं. विकिपीडियावर दोन्ही प्रकारचे लोक एकाच परिच्छेदात नांदतात.

मग हा मजकूर कुणीही वापरू शकतो तो कसा? प्रत्येकाने आधीच परवानगी देऊन ठेवली आहे म्हणून. संपादन झाल्यावर जे बटण दाबायचं असतं, त्याच्याजवळच लिहिलेलं असतं की आपला मजकूर अमुक परवान्याखाली, कधीही मागे न घेण्याच्या अटीवर, आपण खुला करत आहोत. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ ला सुरू झाला आणि १३ जानेवारी २०२१ ला तिथे शंभर कोटीवं संपादन झालं. वीस वर्षं, शंभर कोटी होकार. दर दोन सेकंदांना सरासरी तीन. माणसांच्या इतिहासात एवढ्या लोकांनी एवढ्या वेळा आपल्या लेखनाची परवानगी दुसरीकडे कुठे दिली असेल, मला तरी माहीत नाही.

खरी कसोटी पुढे आली. सुरुवातीला निवडलेला परवाना होता जीएनयूचा, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकांसाठी बनवलेला. पुस्तिकेला तो शोभत होता. दोन पानांच्या लेखाला मात्र तो पेलेना. मजकूर छापायचा तर सोबत अख्खा परवाना छापा, बदलांचा इतिहास जपा, सुधारून काढलेल्या आवृत्तीच्या शीर्षकपृष्ठावर किमान पाच प्रमुख लेखकांची नावं द्या. शाळेतल्या शिक्षकाने एक लेख झेरॉक्स करून वर्गात वाटायचा म्हटलं तरी लेखापेक्षा परवाना लांब. २००८ मध्ये जर्मनीच्या बर्टल्समान प्रकाशनाने जर्मन विकिपीडियातल्या निवडक मजकुराचा एकखंडी कोश काढला. पानं ९९२, आणि अतिशय बारीक टायपात छापलेले लेखक सुमारे ९० हजार. पानामागे नव्वद लेखक! मला त्या प्रकाशकाचं कौतुक वाटतं. नावं गाळायचा मोह त्यांनी टाळला.

परवाना बदलायला हवा, हे सगळ्यांना दिसत होतं. पण मालकांना विचारल्याशिवाय बदलणार कसा? मँडिबर्गच्या यादीवर हिशेब करून पाहा. मिनिटाला एक पत्र, दिवसाचे आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस. एकट्या माणसाला बावन्न वर्षं लागतील, आणि ती नुसती पत्रं पाठवायला. उत्तरं यायची वेगळीच. त्यात कितीतरी ईमेल पत्ते बंद पडलेले, कितीतरी माणसं या जगात नसलेली.

सुटका केली ती जुन्या परवान्यातल्या एका तरतुदीने. विकिपीडियावर लिहिणाऱ्यांनी परवानगी देताना ‘हा परवाना किंवा त्याची पुढील कोणतीही आवृत्ती’ असं मान्य केलेलं होतं. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने ३ नोव्हेंबर २००८ ला नवी आवृत्ती काढली, १.३. अनेकांनी मिळून लिहिलेल्या संकेतस्थळांना १ ऑगस्ट २००९ च्या आत क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या परवान्याकडे जायची मुभा तिने दिली. खिडकी जेमतेम नऊ महिन्यांची. तीत एक बारकावा होता आणि तो मला फार आवडतो: दुसरीकडे आधी प्रकाशित झालेला मजकूर १ नोव्हेंबरपूर्वी तिथे आलेला असेल तरच मुभा. ती तारीख आवृत्ती प्रसिद्ध होण्याच्या दोन दिवस आधीची. साहजिकच बातमी वाचून कुणी परक्याचं लेखन आणून ओतायचं आणि त्याचा परवाना बदलून घ्यायचा, ही वाटच बंद.

मग या बदलावर सदस्यांचं मतदान झालं. १७,४६२ जणांनी मत दिलं. १३,२४२ बाजूने, १,८२९ विरोधात, बाकीच्यांनी मत नसल्याचं नोंदवलं. १५ जून २००९ पासून बदल लागू झाला, खिडकी बंद व्हायला दीड महिना असताना. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झालेला. त्याच्याही सगळ्या लेखांचा परवाना याच निर्णयाने बदलला.

ज्यांच्यापाशी अशी सोपी वाट नव्हती त्यांचं काय झालं, हे ओपनस्ट्रीटमॅपने दाखवलं. लोकांनी मिळून काढलेल्या या नकाशाला परवाना बदलायचा होता, आणि त्यांनी खरोखरच एकेका सदस्याला विचारलं. काम वर्षानुवर्षं चाललं. ज्यांनी नकार दिला किंवा ज्यांचा पत्ताच लागला नाही, त्यांनी आखलेले रस्ते २०१२ च्या जुलैमध्ये एका संगणक-प्रणालीने नकाशावरून पुसून काढले. ऑस्ट्रेलिया आणि पोलंडला याची मोठी झळ बसली. १२ सप्टेंबर २०१२ ला नव्या परवान्याचा नकाशा आला, आणि पुसलेले रस्ते तिथल्या स्वयंसेवकांनी पुन्हा काढले. नुकसान सोसून हक्काचा मान राखणारी ही माणसं मोठी, असं माझं मत आहे.

उलट स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने २०१९ मध्ये परवान्याची नवी आवृत्ती सदस्यांना न विचारता लावली तेव्हा बराच संताप उसळला. शेवटी तिथल्या मजकुराचे तारखेवरून तीन भाग ठरले: ८ एप्रिल २०११ पूर्वीचा एका आवृत्तीखाली, २ मे २०१८ पूर्वीचा दुसऱ्या, नंतरचा तिसऱ्या.

आज विकिपीडियाचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्स ४.० आहे, आणि त्याच्या मुख्य अटी तीनच. श्रेय द्या, बदल केला असेल तर तसं सांगा, आणि बदललेला मजकूर त्याच परवान्याखाली खुला ठेवा. पुस्तक छापा, विका, पैसे कमवा, कुणी अडवणार नाही. नव्वद हजार नावं छापायची सक्तीही आता उरलेली नाही. लेखाचा दुवा दिला की श्रेय पोचतं. तरीही आपल्या दिवाळी अंकांत, स्मरणिकांत, शाळेच्या प्रकल्पांत आणि वृत्तपत्रांत ‘साभार : इंटरनेट’ किंवा ‘छायाचित्र : गूगल’ असं छापून येतं. इंटरनेट हा लेखक नाही आणि गूगलने ते छायाचित्र काढलेलं नाही. तेव्हा संपादकांना, शिक्षकांना आणि वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे: विकिपीडियावरून काही घेतलंत तर लेखाचं नाव, त्याचा दुवा आणि परवाना एवढी एक ओळ खाली छापा, चित्र घेतलंत तर ते काढणाऱ्याचं नावही द्या.