समेच्या पाव सेकंद आधी

मैफलीचे फोटो काढायची हौस असलेली तरुण मंडळी भेटली की पहिला प्रश्न लेन्सचाच येतो. मंचाजवळच्या छायाचित्रकारांच्या हातात ७०-२०० एमएमची, एफ २.८ ची जाडजूड लेन्स दिसते. तिची किंमत लाखाच्या पुढे. मग आपला साधा कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स एकदम थिटी वाटायला लागते आणि कॅमेरा पिशवीतच राहतो. मला याचं वाईट वाटतं, कारण आपल्याकडची शास्त्रीय संगीताची मैफल नवख्या कॅमेऱ्याला जितकी सोयीची आहे तितकी दुसरी कुठलीच नाही. कलाकार एका जागी बसलेले असतात, प्रकाश बहुधा स्थिर असतो, आणि पुढच्या क्षणी काय घडणार हे ताल आधीच सांगत असतो. ते ऐकू येणाऱ्या माणसाच्या हातात स्वस्त कॅमेराही उत्तम चालतो.

थोडं गणित करून पाहू. द्रुत तीनतालातलं सोळा मात्रांचं आवर्तन चार सेकंदांत पुरं होतं असं धरा. म्हणजे एक मात्रा पाव सेकंदाची. आवाज ऐकून, तो मेंदूपर्यंत जाऊन, बोटानं बटण दाबेपर्यंत माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो. वर कॅमेऱ्याची स्वतःची दिरंगाई वेगळीच. म्हणजे सम, आवर्तनाची पहिली मात्रा, ऐकून बटण दाबलं तर फोटो दुसऱ्या मात्रेचा येतो. तबलजीचा हात तोवर उठलेला असतो, गायकाची मान सरळ झालेली असते, आणि सगळं नीट असूनही फोटोत काहीतरी हुकल्यासारखं वाटतं.

यावर अनेकांचा तोडगा म्हणजे बटण दाबून धरायचं आणि फोटोंची माळ लावायची. कॅनन १५०० डी सारखा कॅमेरा सेकंदाला तीन फोटो काढतो, निकॉन डी ३५०० पाच. तीनच्या वेगानं दोन फोटोंमध्ये एक तृतीयांश सेकंदाची फट राहते. वर सांगितलेल्या लयीत एक अख्खी मात्रा त्या फटीतून निसटते, आणि सम नेमकी तिथेच पडायची शक्यता असते. शिवाय शेजारच्या रसिकाच्या कानाशी ती खटखट. माळ लावण्यापेक्षा एकच फोटो, पण वेळेवर, हा हिशेब कुठल्याही बाजूनं बरा ठरतो.

वेळेवर म्हणजे कधी, हे तिहाई शिकवते. एकच तुकडा तीनदा वाजतो आणि त्याचा शेवट समेवर येतो, हे तबला ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. तुकडा पहिल्यांदा वाजेल तेव्हा फक्त ऐका. दुसऱ्यांदा बटण अर्धं दाबून फोकस पक्का करा. तिसऱ्यांदा शेवटचा बोल पडायच्या किंचित आधी बटण पूर्ण दाबा. सुरुवातीला घाई होते, मग उशीर होतो, आणि काही बैठकींनंतर बोट तालात बसतं. यासाठी तबला शिकलेलं असायची गरज नाही. घरी रेकॉर्डिंग लावून हातावर ताल धरायची सवय केली तरी पुरते.

विलंबित ख्यालात तर सवडच सवड असते. एकतालाच्या बारा मात्रांचं एक आवर्तन अतिविलंबितात मिनिटभराचंही असतं. गायक आलाप करत हिंडत असतो. आवर्तन संपत आलं की बंदिशीचा मुखडा उचलतो, आणि मंचावर हालचाल सुरू होते. इतका वेळ डग्ग्याकडे पाहणारा तबलजी मान वर करून गायकाकडे बघतो. पेटीवाल्याचा भाता क्षणभर सावकाश होतो. गायकाचा हात वर जायला लागतो, मागे तंबोऱ्यावर बसलेली शिष्या नकळत पुढे झुकते. सम येते, हात खाली येतो, पहिल्या रांगेतून दाद जाते आणि तबलजी हसतो. इथे दोन फोटो आहेत: हात वर असतानाचा आणि हसण्याचा. बहुतेक जण पहिला काढून कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो कसा आला हे पाहायला मान खाली घालतात, आणि दुसरा जातो. मला दुसरा अधिक मोलाचा वाटतो. गाणाऱ्या आणि वाजवणाऱ्या माणसांमधला विश्वास त्यात दिसतो.

रोलच्या दिवसांत हे सगळं असंच चालायचं. चारशे आयएसओचा कृष्णधवल रोल, तो धुताना वेळ वाढवून सोळाशेपर्यंत ताणायचा, फोकस हातानं करायचा, आणि एका रोलमध्ये फोटो फक्त ३६. पुण्याच्या सतीश पाकणीकर यांनी काढलेली गायक-वादकांची प्रकाशचित्रं किंवा रघु राय यांनी टिपलेले शास्त्रीय संगीतातले दिग्गज पाहताना हे आठवावं. आज नवशिक्याच्या कॅमेऱ्यात ३२०० आयएसओवर मिळणारा फोटो त्या ताणलेल्या रोलपेक्षा कितीतरी स्वच्छ असतो. दाणे दिसले तर दिसू द्यावेत. दाणेदार फोटो चालतो, हललेला चेहरा चालत नाही.

आता प्रकाशाचं बोलू, कारण साध्या सामानाची खरी अडचण तिथे आहे. सोबत मिळणारी १८-५५ ची लेन्स ५५ वर नेली की तिचं छिद्र जास्तीत जास्त एफ ५.६ एवढंच उघडतं. मंद उजेडाच्या सभागृहात आयएसओ १६०० ठेवूनही शटर १/३० सेकंदावर येऊन थांबतं. एवढ्या वेळात तान घेणाऱ्या गायकाचा चेहरा हलतोच. लेन्समधली कंपनरोधक सोय फक्त तुमच्या हाताचा कंप थांबवते, गायकाची मान नाही. उपाय म्हणजे ५० एमएम, एफ १.८. दहा हजारांच्या आसपास नवी मिळते, वापरलेली आणखी स्वस्त. एफ ५.६ च्या तुलनेत ती जवळपास दहापट प्रकाश आत घेते, म्हणजे १/३० चं शटर थेट १/२५० च्या पुढे जातं. पहिली खरेदी करायचीच असेल तर हीच करा, नवा कॅमेरा नंतर. एक सावधगिरी: निकॉनच्या ३००० आणि ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यांच्यावर जुनी 'डी' प्रकारची ५० एमएम लावली तर ती आपोआप फोकस करत नाही. 'एएफ-एस' लिहिलेलीच घ्या. जुन्या बाजारात ती 'डी' लेन्स सर्रास गळ्यात मारली जाते.

ही लेन्स झूम होत नाही, त्यामुळे बसायची जागा आधी ठरवावी लागते. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर पाच मीटरवरून आडव्या चौकटीत साधारण सव्वादोन मीटर रुंदी मावते, म्हणजे गायक आणि एका बाजूचा साथीदार. पूर्ण उघड्या छिद्रावर नीट दिसणारी खोली मात्र तिथे दोन-सव्वादोन फुटांचीच असते. फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवा. दोघेही स्पष्ट हवे असतील तर छिद्र एफ २.८ पर्यंत आवळा आणि आयएसओ वाढवा.

शटर लयीप्रमाणे बदलत राहावं. आलापीला १/१०० पुरतं. तानांना १/२०० च्या वर. तबल्याची बोटं गोठवायची तर १/५०० सुद्धा कमी पडतं, आणि खरं सांगायचं तर ती गोठवूच नयेत. १/६० वर तबलजीचा चेहरा स्थिर आणि हात धूसर येतात, आणि रेल्याचा वेग त्या धूसरपणातच दिसतो.

कॅमेऱ्याच्या स्वयंचलित मोजणीवर मात्र इथे विसंबून चालत नाही. मागचा पडदा काळा, गायकाचा कुर्ता पांढरा. कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, काळोख जास्त म्हणून फोटो उजळ करतो, आणि कुर्ता आणि कपाळ पांढरंफटक होऊन जातं. मॅन्युअलवर जा, चेहऱ्यावरचा उजेड एकदा मोजा आणि तो आकडा कायम ठेवा. रॉ फाइल काढली तर रंगांची दुरुस्ती नंतर करता येते. मंचावर तांबडे-निळे एलईडी सोडलेले असतील तर तांबड्या उजेडातल्या चेहऱ्याचे सगळे बारकावे बुजतात. अशा फोटोला कृष्णधवल केल्यानं बरंच काही वाचतं. फोटोत आडवे पट्टे दिसले तर दोष लेन्सचा नाही. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर साधे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणलं की पट्टे सहसा जातात.

गवयाच्या फोटोचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे माईक. समोरून काढलेल्या फोटोत तो नेमका ओठांवर येतो. बाजूला सरकलात की चेहरा मोकळा होतो. गायकाच्या उजव्या हाताला तबला आणि डाव्या हाताला पेटी ही नेहमीची मांडणी, म्हणजे प्रेक्षकांतून पाहिलं तर तबला डावीकडे. तबल्याच्या बाजूला बसलात तर समेवर तबलजीकडे वळलेला गायकाचा चेहरा मिळतो. पेटीच्या बाजूला बसलात तर गायकाच्या खांद्यापलीकडून तबलजीचा चेहरा मिळतो. मध्यंतरात जागा बदलली तर दोन्ही हाती लागतात. बासरी बहुतेक वादक उजवीकडे धरतात, हरिप्रसाद चौरसिया डावीकडे. बासरीच्या मोकळ्या टोकाकडून काढलं तर ती आखूड दिसते आणि बोटं चेहऱ्यावर येतात, म्हणून वादकाची बाजू आधी पाहून मगच बसा.

जागेचं महत्त्व जगाच्या दुसऱ्या टोकालाही असंच आहे. १८ जून १९६७ ला कॅलिफोर्नियातल्या माँटेरे पॉप महोत्सवात दुपारी रविशंकर आणि अल्लारखाँ वाजवून गेले, आणि रात्री जिमी हेन्ड्रिक्सनं मंचावर गिटार पेटवली. त्या क्षणाचा जगभर गाजलेला फोटो एड कॅराफ नावाच्या सतरा वर्षांच्या शाळकरी मुलानं काढला. तो मंचाच्या कडेला खुर्चीवर उभा होता.

आपल्याकडे खुर्चीवर उभं राहू नका. मैफलीतला छायाचित्रकार हा आधी रसिक असतो आणि त्यानं रसिकासारखंच वागावं. फ्लॅश बंद, फोकससाठी आपोआप लागणारा छोटा दिवाही बंद, कॅमेऱ्याचा मागचा पडदाही बंद. आलाप चालू असताना आरशाच्या कॅमेऱ्याची एक खट्ट दहाव्या रांगेपर्यंत ऐकू जाते, आणि सुरात बुडालेल्या कलाकाराला तर ती जवळूनच टोचते. त्या वेळी कॅमेरा मांडीवर ठेवून ऐका. तबला सुरू झाल्यावर, टाळ्या पडताना, तराण्यात हवे तेवढे फोटो काढा. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत निःशब्द शटर असतं, पण एलईडीच्या उजेडात त्यानं पट्टे जास्त उमटतात. आयोजकांची परवानगी आधी घ्यावी, आणि मोठ्या महोत्सवांत ती मिळेलच असं नाही.

म्हणूनच सुरुवात लहान बैठकीत करावी. संगीत विद्यालयांचे विद्यार्थी कार्यक्रम, गणेशोत्सवातली भजनं, देवळातलं कीर्तन, कुणाच्या दिवाणखान्यातली गुरुपौर्णिमा. ध्वनिव्यवस्था लावली जात असते तेव्हाच पोहोचा. त्या वेळी दिवे पूर्ण असतात, हातोडीनं तबला मिळवला जात असतो, तबलजी हाताला पावडर लावतो, तंबोऱ्याच्या जवारीचा दोरा सारला जातो. या तयारीचे फोटो मैफलीच्या फोटोंइतकेच बोलके असतात आणि त्यात कुणाचा रसभंगही होत नाही.

सरावासाठी सगळ्यात छान म्हणजे उघड्यावरची दिवाळी पहाट. साडेपाचला गाणं सुरू होतं तेव्हा मंचावरच्या दिव्यांखेरीज काही नसतं, आयएसओ ३२०० लागतो. भैरवीपर्यंत उजाडलेलं असतं आणि तोच कॅमेरा ४०० वर सुखानं चालतो. दर पंधरा मिनिटांनी आकडे बदलत गेलात की दीड-दोन तासांत आयएसओ, छिद्र आणि शटर यांचं नातं हाताला कळतं. मधला निळसर उजेडाचा काळ चुकवू नका. मंचावरचा पिवळा दिवा आणि मागचं निळं आकाश तेव्हा एका चौकटीत मिळतं.

घरी आल्यावर फोटो निवडताना मुख्य कलाकाराबरोबर इतरांचेही बाजूला काढा. मोठ्या गायकाचे फोटो सगळेच काढतात. पेटीवाल्याचा, टाळ धरणाऱ्याचा, मागे तंबोरा छेडत तीन तास बसलेल्या शिष्येचा चांगला फोटो बहुधा कुणाकडेच नसतो, आणि ५० एमएमच्या लेन्सला तीच माणसं सहज मिळतात. कार्यक्रमानंतर त्यांचा नंबर मागून घ्या. दोन दिवसांत मोजके पाच-सहा फोटो पाठवा, वॉटरमार्कशिवाय, छापता येतील अशा पूर्ण आकारात. पुढच्या बैठकीला पहिल्या रांगेच्या कडेची भारतीय बैठकीतली जागा तेच तुमच्यासाठी धरून ठेवतील, आणि मंचापासून पाच मीटरवरची ती जागा कुठल्याही दुकानात मिळत नाही.