पशुखाद्यातील सुगंधी तेले : थोडक्यात

• बंदी : वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास स्वीडनने १९८६ मध्ये, तर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली. भारताने २०१९ मध्ये पशुखाद्यातील कोलिस्टिन या प्रतिजैविकाला मनाई केली. त्यामुळे पर्याय म्हणून सुगंधी तेलांकडे पाहिले जाते.

• घटक : ओव्यात थायमॉल, ओरेगॅनोत कार्व्हाक्रॉल, लवंगेत युजेनॉल, दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड.

• कार्य : थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल जिवाणूंचे पेशीपटल खिळखिळे करतात.

• अडचणी : तेल उडून जाते, म्हणून ते सूक्ष्म आवरणात बंद करून मिसळतात. वाण आणि हंगामानुसार घटकांचे प्रमाण बदलते. त्यामुळे परिणाम एकसारखा मिळत नाही. मात्रा जास्त झाल्यास उग्र वासामुळे जनावरे खाद्य कमी खातात.

• लक्षात ठेवा : ही तेले उपचाराची जागा घेत नाहीत. गोठ्याची स्वच्छता आणि लसीकरण चुकवू नका. आजारी जनावर पशुवैद्यकालाच दाखवा.