भट्टीतील विटेचे अंतरंग

उन्हात वाळविलेली कच्ची वीट पाण्यात ठेवली, तर तिचा पुन्हा चिखल होतो. तीच वीट भट्टीत पुरेशी भाजली, की अनेक पावसाळे सोसते. हा फरक केवळ कोरडेपणाचा नव्हे. उष्णतेमुळे मातीच्या स्फटिकांतील अणूंची मांडणीच बदललेली असते.

माती व वाळू यांचे प्रमुख घटक सिलिकेट वर्गातील खनिजे होत. एका सिलिकॉन अणूभोवती चार ऑक्सिजन अणू, ही त्यांची मूळ घडण. केओलिनाइट या मृत्तिका-खनिजात अशा घडणींचे पातळ थर असून त्यांना ॲल्युमिनियमयुक्त थरांची जोड असते. उन्हाने कणांमधील पाणी तेवढे उडून जाते. पुन्हा भिजताच कण सुटे होतात. मात्र तापमान सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की स्फटिकाच्या रचनेतच बद्ध असलेले हायड्रोजन व ऑक्सिजनचे अणू वाफेच्या रूपाने बाहेर पडतात. शुद्ध केओलिनाइटचे वजन त्यामुळे सुमारे १४ टक्क्यांनी घटते व थरांची शिस्त मोडते. अशी माती पाण्यात कालवली तरी पूर्वीसारखी मळता येत नाही. पुढे ९०० ते १,००० अंशांच्या सुमारास काही अंश वितळून कण परस्परांशी सांधले जातात.

वाळूतील गारगोटीचे वर्तन निराळे आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए यांना १८८९ मध्ये आढळले, की सुमारे ५७३ अंशांना तिचे रूप एकाएकी बदलते. येथे अणूंचे बंध तुटत नाहीत. घडणी किंचित वळतात व आकारमान वाढते. निवताना अणू पूर्वस्थानी येतात आणि गारगोटी आकसते. मातीतील बदल कायमचा, तर गारगोटीतील बदल परतणारा असतो.

भट्टी घाईने निवविल्यास विटा का तडकतात, याचे एक कारण यात सापडते. विटेचे बाहेरील व आतील भाग वेगवेगळ्या वेळी आकसतात आणि त्या ताणाने भेगा पडतात. उलट, आच अपुरी पडल्यास कणांची सांधणी कच्ची राहते.

शाळा वा समाजमंदिर बांधणाऱ्या ग्रामपंचायतींना ही परीक्षा सहज करता येईल. चांगल्या भाजलेल्या दोन विटा एकमेकींवर आपटल्यास खणखणीत नाद येतो. तसेच २४ तास पाण्यात बुडविल्यावर सामान्य प्रतीच्या विटेने शोषलेले पाणी तिच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. डोळ्यांना न दिसणारी अणूंची मांडणी अशा साध्या कसोट्यांतून आपली साक्ष देते.