दोन तिकिटे जोडली म्हणून कनेक्टिंग फ्लाइट होत नाही

मेलबर्न ते सिंगापूर स्कूटचे तिकीट, पुढे सिंगापूर ते मुंबई इंडिगोचे आणि मध्ये चार तास. स्वस्तात पडते म्हणून ऑस्ट्रेलियातून घरी येणारे अनेक जण अशी जोडणी करतात आणि तिला ‘कनेक्टिंग फ्लाइट’ म्हणतात. पहिले विमान उशिरा पोचले तर दुसरी कंपनी पुढच्या विमानात बसवून देईल, हा समज त्यातूनच येतो आणि कितीही वेळा खोडला तरी पुन्हा ऐकू येतो. दुसरी कंपनी तशी बांधील नसते.

वेगवेगळी काढलेली दोन तिकिटे म्हणजे दोन वेगळे करार. काउंटर बंद झाल्यावर धापा टाकत आलेला प्रवासी दुसऱ्या कंपनीच्या लेखी ‘नो-शो’ असतो, मग तो सिंगापूरच्या हॉटेलातून आलेला असो की मेलबर्नहून. शंका असल्यास १९९९ चा माँट्रियल करार पाहावा. भारत आणि ऑस्ट्रेलिया दोघांनाही तो लागू आहे. त्याच्या पहिल्याच कलमानुसार, लागोपाठच्या कंपन्यांनी केलेली वाहतूक एकसंध प्रवास ठरायला करारातील पक्षांनी ती तशी मानलेली असावी लागते. प्रवाशाने एकट्याने मनाशी तसे धरून चालत नाही.

चार तास भरपूर वाटतात. विमान दीड तास उशिरा आले की अडीच उरतात. आंतरराष्ट्रीय चेक-इन उड्डाणाच्या किमान तासभर आधी बंद होते, म्हणजे हातात फार तर दीड तास. तेवढ्यात इमिग्रेशनची रांग, पट्ट्यावरून बॅग उचलणे, दुसऱ्या कंपनीचा काउंटर गाठणे आणि तिथली रांग. चेक-इन केलेली बॅग मुंबईपर्यंत आपोआप जात नाही. ती घेण्यासाठी सिंगापूरमध्ये रीतसर प्रवेश करावा लागतो. भारतीय पासपोर्टवर त्यासाठी व्हिसा लागतो. ऑस्ट्रेलियाचा वैध व्हिसा असलेल्यांना ९६ तासांची विनाव्हिसा सवलत आहे, पण तिलाही अटी आहेत. कागद अपुरे असतील तर मेलबर्नच्या काउंटरवरूनच परत फिरावे लागू शकते.

दोन्ही विमाने एकाच कंपनीची असली की काळजी मिटली, हेही खरे नाही. एअरएशियाची क्वालालंपूरमध्ये ‘फ्लाय-थ्रू’ सोय आहे: बॅग शेवटच्या मुक्कामापर्यंत जाते, मध्ये इमिग्रेशन नाही, जोडणी चुकली तर पुढची व्यवस्था कंपनीची. पण ती दोन्ही टप्पे एकाच बुकिंगमध्ये घेतले असतील तरच.

तिकीट काढले की वेळ पक्की झाली, हा समज बजेट मार्गांवर विशेष महागात पडतो. जगभरची विमान वेळापत्रके मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलतात. मेलबर्नची घड्याळे एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तासभर सरकतात; सिंगापूर आणि भारताची नाही. कधी विमानतळही बदलतो. डिसेंबर २०१८ मध्ये एअरएशिया एक्सने मेलबर्नची सेवा टलामरीनहून जिलाँगजवळच्या ॲव्हलॉनला नेली. कोविडनंतर ती टलामरीनला परतली. अशा बदलानंतर कंपनी आपल्या तिकिटापुरता पर्याय देते. प्रवाशाने दुसरीकडे काढलेल्या तिकिटाची तिला खबरही नसते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘जेटस्टार बंद पडली’: ३१ जुलै २०२५ रोजी बंद झाली ती सिंगापूरची जेटस्टार एशिया, ऑस्ट्रेलियातली जेटस्टार उडते आहे. ‘उशीर झाला की युरोपसारखी ठरावीक भरपाई मिळते’: ऑस्ट्रेलियात तसा दर ठरवणारा कायदा नाही. ‘स्वस्त म्हणजे असुरक्षित’: ऑस्ट्रेलियात प्रवासी आणणाऱ्या प्रत्येक परदेशी कंपनीला, महाग असो वा स्वस्त, तिथल्या नागरी विमान सुरक्षा प्राधिकरणाची मंजुरी लागते. ‘विमा आहेच’: दोन विमानांमध्ये ठरावीक किमान अंतर नसेल तर अनेक पॉलिसी चुकलेल्या जोडणीचे पैसे देत नाहीत.

पैसे भरण्यापूर्वी दोनच गोष्टी पाहाव्यात: दोन्ही टप्प्यांचा बुकिंग क्रमांक एकच आहे का आणि बॅग थेट शेवटच्या विमानतळापर्यंत जाणार आहे का. वेगळी तिकिटेच घ्यायची असतील, तर मध्ये एक रात्र ठेवावी.