आफ्रिकेला निघालेल्या मुलाची बॅग भरताना

कोपरगाव तालुक्यात दोन मोठे सहकारी साखर कारखाने आहेत, एक कोळपेवाडीचा आणि दुसरा सहजानंदनगरचा. अशा कारखान्यांत फिटर, वेल्डर, पॅनमन, केमिस्ट म्हणून हात बसलेल्या महाराष्ट्रातील माणसांना केनिया, युगांडा, इथिओपिया, नायजेरिया येथील साखर कारखान्यांतून मागणी असते. युगांडात तर हा उद्योग भारतीयांनीच उभा केला. नानजी कालिदास मेहता यांनी १९२४ मध्ये लुगाझी येथे कारखाना काढला, नंतर मुळजीभाई माधवानी यांनी जिंजाजवळ काकिरा येथे.

आखातात जाण्याची वाट आपल्या घरांना जुनी आहे. सौदी किंवा दुबईला निघालेल्या मुलाच्या बॅगेत काय घालायचे, हे अम्मीला कोणी सांगावे लागत नाही. आफ्रिकेला निघालेल्या मुलाचीही बॅग तशीच भरली जाते. मसाले, लोणचे, जानमाज, दोन चादरी. कोणी काळजी दाखवली तर उत्तर तयार असते: “आपण चाळीस डिग्रीत वाढलेले, आपल्याला उन्हाचे काय?”

खरे तर ऊन हा तिथला मोठा प्रश्नच नाही. विषुववृत्ताजवळचे कंपाला शहर सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. तिथली दुपार कोपरगावच्या मे महिन्यापेक्षा पुष्कळ सुसह्य असते. उष्ण देशातून उष्ण देशात जाताना तयारी करायची ती डासापासून वाचण्याची.

आधी लस, मग तिकीट

पहिले काम यलो फीवरच्या, म्हणजे पीतज्वराच्या लशीचे. हा आजार भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे भरपूर आहे. एकदा हा आजार देशात शिरला तर आवरणे कठीण. म्हणून आपले सरकार याबाबत फार कडक आहे. वरील चारही देशांतून परतणाऱ्याकडे लशीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते. युगांडासारखे देश प्रवेश देतानाच हे पिवळे कार्ड मागतात.

ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच ती घ्यावी लागते आणि त्यासाठी आपल्याकडून मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. आधी वेळ घ्यावी, पासपोर्ट सोबत न्यावा. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते, म्हणून आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. २०१६ पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभर ग्राह्य धरली जाते. अंड्याची ॲलर्जी, गर्भारपण, साठीच्या पुढचे वय किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. नऊ महिन्यांखालील बाळाला ही लस देत नाहीत.

मलेरिया: ओळखीचे नाव, अनोळखी ताकद

मलेरिया आपल्याला नवा नाही, आणि गैरसमज इथेच होतो. आफ्रिकेतला बहुतेक मलेरिया फाल्सिपेरम जातीचा असतो. उपचाराला उशीर झाला तर तो एक-दोन दिवसांत मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली आणि त्यांतील सुमारे ९५ टक्के आफ्रिका विभागातील होती.

तिथे गेल्यावर मुलगा पाहतो की स्थानिक सोबती गोळ्या घेत नाहीत. मग तोही सोडून देतो. पण लहानपणापासून वारंवार मलेरिया झाल्याने त्या सोबत्यांच्या शरीरात थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. कोपरगावहून गेलेल्या मुलाकडे ती नसते.

म्हणून निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी जाणकार डॉक्टरांना भेटावे. आपल्याकडे पूर्वीपासून माहीत असलेली क्लोरोक्विन आफ्रिकेतील फाल्सिपेरमवर चालत नाही. दुसऱ्या गोळ्या आहेत. कोणती घ्यायची, किती दिवस घ्यायची आणि मुक्काम दोन-तीन वर्षांचा असेल तर काय करायचे, हे डॉक्टरच ठरवतील. या गोळ्या परतल्यावरही काही दिवस चालू ठेवायच्या असतात. काही एक आठवडा, काही चार आठवडे. रमजानमध्ये गोळी सोडण्याची गरज नाही. रोजची गोळी एकदाच घ्यायची असते, ती इफ्तारच्या जेवणानंतर घेता येते.

मगरिब ते फजर

मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणजे मगरिबपासून फजरपर्यंत. या वेळेत पूर्ण बाह्या आणि लांब पायजमा घालावा. उघड्या अंगाला डीट असलेले मलम किंवा स्प्रे लावावा. वुजू केल्यावर हातपायांवरचे मलम धुऊन जाते, म्हणून इशाच्या वुजूनंतर ते पुन्हा लावावे. झोपताना औषध लावलेली मच्छरदाणी वापरावी आणि तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात. बॅगेत जागा कमी पडत असेल तर एक चादर काढा, मच्छरदाणी काढू नका.

आणखी एक गोष्ट पाण्याची. गोदावरीत पोहायला शिकलेल्या मुलाला व्हिक्टोरिया सरोवर दिसले की उतरावेसे वाटणारच. पण तिथल्या गोड्या पाण्यात बिलहार्झियाचे सूक्ष्म जंतू असतात. ते कातडीतून आत शिरतात आणि पुढे लघवीचे, आतड्याचे व यकृताचे आजार देतात. तळ्यात, ओढ्यात उतरू नये. वुजूही नळाच्या पाण्याने करावा.

आणि किबला? आपल्याकडे तो पश्चिमेला. युगांडा, केनियात मक्का उत्तरेला पडते. सवयीने पश्चिमेकडे जानमाज अंथरू नये.

परतल्यानंतरची तयारी

तयारीचा शेवटचा भाग घरच्यांनी करायचा आहे. मुलगा सुटीवर येतो, दावती होतात, आणि दहा-पंधरा दिवसांनी त्याला थंडी वाजून ताप भरतो. घरचे म्हणतात, हवा बदलली, प्रवासाचा शीण असेल. डॉक्टर व्हायरल समजून गोळ्या देतात, कारण तो आफ्रिकेतून आला आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. या दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

परतल्यापासून तीन महिने, आणि सावधगिरी म्हणून वर्षभर, कोणताही ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. “हा आफ्रिकेतून आला आहे, मलेरियाची रक्ततपासणी करा,” हे वाक्य सर्वांत आधी बोला. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर पुन्हा करायला सांगा. हे वाक्य अम्मीला, पत्नीला, घरातल्या लहान भावालाही माहीत असावे, कारण तापाने ग्लानी आलेला माणूस स्वतः काही सांगू शकत नाही.

पत्नी आणि मुले सोबत जाणार असतील तर सर्वांचीच तयारी हवी. गर्भवतीला आणि लहान मुलांना मलेरियाचा धोका जास्त असतो. जाणे पुढे ढकलता येते का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. करारावर सही करण्यापूर्वी आजारपणाचा खर्च कोण करणार आणि कारखान्याचा दवाखाना आहे का, हेही लेखी घ्यावे.

अल्लाहवर भरवसा ठेवणाऱ्याने आधी उंट बांधावा, ही शिकवण आपण मुलांना लहानपणीच देतो. या प्रवासात लस, गोळी, मच्छरदाणी आणि वेळेवर केलेली रक्ततपासणी म्हणजेच तो उंट बांधणे. त्यानंतर दुआ करून मुलाला निरोप द्यावा.