माणूस समजून घेणारी संस्था

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या महाल आणि इतवारी भागांतील रस्त्यांवर पाऊल ठेवायलाही जागा नसते. बांबू, कागद व कापड यांच्या केलेल्या प्रचंड मूर्ती वाजतगाजत निघतात. एक असते काळी मारबत आणि दुसरी पिवळी मारबत. त्यांच्याबरोबर बडग्यांचे पुतळेही असतात. रोगराई, संकटे, महागाई, जे जे म्हणून नकोसे असेल ते ते घेऊन जा, असे लोक मारबतीला ओरडून सांगतात. आणि शेवटी त्या मूर्ती जाळून टाकण्यात येतात. एकोणिसाव्या शतकापासून ही प्रथा नागपुरात चालत आलेली आहे.

हा सोहळा पाहून एखादा प्रेक्षक म्हणेल, "काय ही मौज!" दुसरा म्हणेल, "काय हा वेडेपणा!" तिसरा मात्र काहीच न बोलता खिशातून वही काढील. मूर्ती कोण तयार करतो? त्यासाठी पैसा कसा जमतो? मिरवणूक याच रस्त्याने का जाते? असे प्रश्न तो लोकांना विचारू लागेल. एखादी वृद्ध स्त्री त्याला सांगेल, की मारबत गेली म्हणजे घरातील आजार तिच्याबरोबर जातात. एखादा तरुण सांगेल, की बडग्याच्या गळ्यात पाटी अडकवली म्हणजे मोठ्या लोकांनाही चार शब्द सुनावता येतात. तो दोन्ही उत्तरे तितक्याच आदराने लिहून घेईल. कोणाचे खरे आणि कोणाचे खोटे, हा निवाडा करण्याची त्याला घाई नसते. हा तिसरा प्रेक्षक म्हणजे मानवशास्त्रज्ञ होय.

माणसे कशी राहतात, काय खातात, कोणती भाषा बोलतात, लग्ने कशी जुळवतात, भांडणे कशी मिटवतात आणि या सर्वांमागे त्यांचा कोणता विचार असतो, याचा पद्धतशीर अभ्यास करणे हे मानवशास्त्राचे काम आहे. या कामासाठी भारतात एक मोठी संस्था आहे. तिचे नाव भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षण. १ डिसेंबर १९४५ रोजी वाराणसी येथे तिची स्थापना झाली आणि १९४८ मध्ये तिचे मुख्य कार्यालय कलकत्त्यास गेले. डॉ. बिरजाशंकर गुहा हे तिचे पहिले संचालक होते. या संस्थेचे मध्य भारतासाठी असलेले केंद्र नागपूरच्या सेमिनरी हिल्स भागात आहे. ही संस्था कोणताही माल विकत नाही व नफा मिळवीत नाही. सरकारच्या खर्चाने ती चालते, आणि ज्ञान हेच तिचे उत्पन्न असते.

असे केंद्र नागपुरात असावे, हे योग्यच झाले. या शहरात अशा अभ्यासाची परंपरा जुनी आहे. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप नावाचे एक स्कॉटिश धर्मोपदेशक नागपुरास येऊन राहिले. त्यांना दगडांचे व जीवाश्मांचे जितके कुतूहल होते, तितकेच माणसांचेही होते. गोंड लोकांचा मार्गदर्शक लिंगो याची कथा त्या काळी कोणत्याही पुस्तकात नव्हती. ती प्रधान गायकांच्या मुखात होती. हिस्लॉप यांनी ती एका प्रधानाकडून ऐकून गोंडी भाषेतच उतरवून घेतली. १८६३ साली टाकळघाटाजवळचे प्राचीन अवशेष पाहून परतताना एका ओढ्याच्या पुरात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांचे टिपण सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

मानवशास्त्रज्ञाची प्रयोगशाळा चार भिंतींची नसते. ज्या लोकांचा अभ्यास करावयाचा, त्यांचे गाव हीच त्याची प्रयोगशाळा. तेथे तो काही महिने, कधी वर्षभरही राहतो. प्रथम तो गावकऱ्यांची परवानगी घेतो आणि त्यांची भाषा शिकतो. मग घराघरांचा नकाशा काढतो, कुटुंबांच्या वंशावळी लिहितो, शेतावर व बाजारात लोकांबरोबर जातो. दिवसभर पाहिलेले व ऐकलेले तो रात्री कंदिलाच्या उजेडात टिपून ठेवतो.

केवळ विचारून मात्र भागत नाही. माणसे जे सांगतात आणि जे करतात, त्यांत पुष्कळदा अंतर असते. "आमच्या गावात सगळे सारखे," असे एखादा गावकरी मनापासून सांगतो. परंतु पंगतीत कोण कोठे बसले, हे पाहिले म्हणजे वेगळीच गोष्ट कळते. म्हणून अभ्यासकाला कानांइतकेच डोळेही उघडे ठेवावे लागतात. एकट्या माणसाला हे सर्व जमत नाही. यासाठी अशा संस्थेत शरीररचना, भाषा, चालीरीती आणि मन यांचे निरनिराळे जाणकार एकत्र काम करतात.

इतके कष्ट घेण्याचे कारण काय? माणसांविषयी चुकीची समजूत झाली, तर तिचे परिणाम किती भयंकर होतात, हे इतिहासावरून दिसते. बंजारा लोकांचे तांडे एके काळी हजारो बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर हिंडत असत. १८६७ मध्ये मुंबईहून येणारी आगगाडी नागपूरला पोहोचली. अशा रीतीने जिकडे तिकडे लोहमार्ग पसरले, माल गाडीतून जाऊ लागला आणि तांड्यांचा शेकडो वर्षांचा धंदा बसला. फासे लावून शिकार करणाऱ्या पारध्यांचे जंगलही कायद्यांनी बंद होत गेले. पोटापाण्याचे साधन गेलेल्या या भटक्या लोकांकडे राज्यकर्ते संशयाने पाहू लागले.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला व पुढे तो देशाच्या इतर भागांतही लागू केला. या कायद्याने संपूर्ण जमातच गुन्हेगार ठरविता येत असे. त्या जमातीत जन्मलेल्या माणसाने चोरी केली असो वा नसो, त्याला पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे आणि परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. पारधी आणि इतर अनेक जमाती या कायद्यात अडकल्या. देशाच्या काही भागांत बंजारा लोकांनाही तो लागू झाला. सोलापुरात तर अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवीत.

यातील चूक कोणती होती? वागणूक ही परिस्थितीतून घडते. ती रक्तातून येत नाही. उपाशी माणूस का चोरतो, हे न विचारता तो चोर म्हणूनच जन्मला, असे सरकारने ठरविले होते. स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द केला. बंजारा समाजात १९१३ साली पुसदजवळच्या गहुली गावी जन्मलेला एक मुलगा नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात शिकला आणि पुढे १९६३ ते १९७५ पर्यंत महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला. ते वसंतराव नाईक होत. जन्मावरून माणसाची पारख करणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणते असू शकेल? तथापि, कायदा गेला तरी लोकांच्या मनातील संशय पुरता गेलेला नाही. तो घालविणे हे कायद्याचे काम नव्हे. ते ज्ञानाचे काम आहे.

१९८५ मध्ये मानवविज्ञान सर्वेक्षणाने कुमार सुरेश सिंह यांच्या नेतृत्वाखाली एक प्रचंड काम हाती घेतले. भारतातील एकूण एक समाजाची माहिती तेथील लोकांना भेटून मिळवावयाची, असा तो संकल्प होता. शेकडो अभ्यासक गावोगाव हिंडले आणि ४,६३५ समाजांची नोंद झाली. या अभ्यासातून एक मोठी मौजेची गोष्ट आढळली. जवळजवळ प्रत्येक समाजाच्या आठवणीत आपले पूर्वज दुसरीकडून येथे आल्याची कथा होती. ज्यांना आपण परके म्हणतो ते आणि आपण, सर्वच जण केव्हा ना केव्हा वाटसरू होतो!

ताऱ्यांचा अभ्यास करण्यास दुर्बीण लागते, सूक्ष्म जंतू पाहण्यास सूक्ष्मदर्शक यंत्र लागते. माणसाचा अभ्यास करण्यास मात्र एक वही, दोन उघडे कान आणि धीर इतके असले तरी आरंभ करता येतो. मारबतीच्या गर्दीत कोणाला हसण्यापूर्वी किंवा कोणाला नावे ठेवण्यापूर्वी "असे का?" हा प्रश्न ज्याच्या मनात येतो, त्याने या शास्त्राचा पहिला धडा शिकला असे समजावे.